एकोणीस सेकंद

विलकाराया गावातल्या रेडिओ केंद्रावरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं घ्यायचा. तिकडे जून म्हणजे ऐन हिवाळा, तेव्हा तेरा. रेडिओ होता बाजाराच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीचं फाटक रखवालदार पहाटे बरोबर पाचला उघडायचा. त्याच्या एक मिनिट आधी नाही, मग बाहेर कुणी गारठून मेलं तरी चालेल. फाटक उघडलं की लेओकादिया कालिसाया दोन जिने धावत चढायची, बटण दाबायची आणि हात काखेत घालून बसायची. मशीन आधी घरघरायचं, मग पडद्यावर एक ओळ दाखवून अडून बसायचं. तिनं एक कळ दाबली की पुन्हा घरघर. सरकारी कारकुनालाही लाज वाटावी असा तो कारभार होता.

रात्रभर चालू ठेवायची सोय नव्हती. रात्री वीज खालीवर व्हायची. एकदा चालू ठेवलं तर आतून धूर निघाला, आणि हुलियाका शहरात राहणाऱ्या मालकानं फर्मान काढलं की रात्री बंद म्हणजे बंद. आवाजाचा जुना मिक्सरही कधीच मोडीत गेला होता, त्यामुळे माईकसुद्धा त्या कॉम्प्युटरमधूनच चालायचा. मशीन उठेपर्यंत लेओकादिया मुकी.

आणि मुकं राहून चालणार नव्हतं. पाच ते सव्वापाच ही निरोपांची वेळ. डोंगरांच्या घळींतल्या वस्त्यांवर मोबाइल नुसताच खिशात असतो, रेंज नसते. कोण जन्मलं, कोण गेलं, ट्रक कुठल्या फाट्यावर थांबणार, कुणाचं गाढव कुणाच्या दारात बांधलंय, हे सगळं लोक चिठ्ठ्यांवर लिहून आणायचे आणि लेओकादिया वाचायची. बावीस वर्षं हेच काम. मधेमधे ती घराघराला नावानं हाका मारायची, चिमटे काढायची. हिलाकोता वस्तीवरचे बासिलियो हे तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. त्यांना सगळे ताता म्हणत, वय ऐंशीच्या पुढे.

"ताता बासिलियो, उठलात का? सूर्य तुमच्या आधी उठला तर अब्रू जाईल हं!"

म्हातारा रविवारी बाजारात आला की चीजचा एक गोळा तिच्या हातात ठेवायचा आणि चारचौघांत ऐकवायचा, "मी काढा पिऊन, तोंड धुऊन तयार असतो, पोरी. घोरत पडतं ते तुझं मशीन."

जूनमध्ये मात्र ही थट्टा अंगाशी आली. जून म्हणजे चुन्योचे दिवस. रात्रीच्या दंवात बटाटे गोठवायचे, सकाळी पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढायचं आणि वाळवून दहा-दहा वर्षं खायचे. त्यामुळे वस्तीवरचा प्रत्येक जण पाच वाजून दहा मिनिटांनी घराबाहेर पडलेला असतो. त्या मंगळवारी निरोप होता, गुरांचा डॉक्टर आज येणार नाही. मशीन उठून तो निरोप सांगेपर्यंत सव्वापाच झाले. तोवर हिलाकोताची माणसं चाळीस अल्पाका घेऊन निघालीसुद्धा होती. दोन तास चालत आली, दवाखान्याचं बंद दार बघितलं आणि दोन तास चालत परत गेली.

"लेओकादिया, तुझ्या मशीनला सरड्यासारखं आधी ऊन लागतं का गं?" रविवारी बाजारात एक बाई म्हणाली आणि अख्खी ओळ हसली. लेओकादियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं त्याच दिवशी आपल्या कोंपाद्रेला गाठलं.

फ्रेदी तिकोना हा रेडिओवरचा तंत्रज्ञ. त्याची मुलगी मारिबेल तीन वर्षांची झाली तेव्हा तिचं जावळ लेओकादियानं काढलं होतं, लोकर पसरलेल्या ताटात पहिली बट तिनं ठेवली होती. त्या दिवसापासून तो तिचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. हे नातं त्या भागात सख्ख्या भावंडांपेक्षा जड. भाऊ भावाला शिव्या देईल, कोंपाद्रे कोमाद्रेला 'तू' सुद्धा म्हणणार नाही. शिवाय त्याच्या आधीची गोष्ट अशी, की हा फ्रेदी बाजारात फोनच्या काचा बदलत बसायचा. मालकापुढे उभं राहून 'या माणसाची जबाबदारी माझी' असं सांगून त्याला रेडिओवर आणलं ते लेओकादियानंच.

फ्रेदीनं पहिलं काय केलं, तर कॉम्प्युटरवरची घोंगडी उचलली. थंडीनं मशीन आखडू नये म्हणून ती रोज संध्याकाळी त्याला घोंगडीत गुंडाळून घरी जायची.

"कोमाद्रे, ही काय बाळंतीण आहे का?"

"हसा. दंवात तुम्हाला उघडं ठेवते रात्रभर, मग बघू किती मिनिटांत उठता."

तो हसत हसत खुर्चीत बसला आणि त्यानं तिला पडद्यावर एक लांबलचक यादी दाखवली. "हे बघा. तुम्ही बटण दाबलं की ही एकेचाळीस जणं एकदम उठतात, आणि घराला दार एकच. हा प्रिंटरवाला. प्रिंटर मरून चार वर्षं झाली, हा अजून रोज त्याची वाट बघतो. हे दोन व्हायरस पकडणारे, एका घरात दोन सुना, रोज सकाळी आधी एकमेकींशी भांडतात. आणि हा पत्त्यांचा डाव. हा कुणी घातला?"

लेओकादियानं घोंगडीची घडी घालायला घेतली. तो तिनंच घातला होता.

त्या दिवशी त्यानं एकेचाळीसपैकी सदतीस जणांची झोपमोड बंद केली. तेराची सात मिनिटं झाली. "आता उरलं ते या डिस्कचं म्हातारपण," फ्रेदी म्हणाला. "आत तबकडी फिरते, ती बिचारी दमलीय. नवी मिळते, त्यात फिरणारं काहीच नसतं. पण मालक देणार नाही." मालक देणार नाही हे तिलाही माहीत होतं. तिच्याकडे सहा मेंढ्या होत्या. त्यातली काळ्या तोंडाची, दोनदा जुळी दिलेली मेंढी तिनं शनिवारी विकली आणि फ्रेदी हुलियाकाहून डिस्क घेऊन आला, तळहातावर मावेल एवढी. तिला मनातून वाटलं, एवढीशीसाठी माझी मेंढी गेली.

डिस्क बसवताना त्यानं आतून नाण्याएवढी एक बॅटरी काढून दाखवली. "मधेच अडून बसायचं ना, ते हिच्यामुळे. ही संपली होती. म्हणजे रोज सकाळी मशीनला आज कुठला वार, किती वाजले, काही कळत नव्हतं. आता याला वेळ कळते, कोमाद्रे."

"घरात एकाला तरी कळू दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं, ती जिने चढली, बटण दाबलं आणि सवयीनं हात काखेत घातले. ते नीट घालूनही झाले नव्हते. पडदा उजळला, माईकचा हिरवा दिवा लागला. फ्रेदी मागे मोबाइल धरून उभा होता. "एकोणीस सेकंद!" तो ओरडला. लेओकादियानं त्याला घट्ट मिठी मारली आणि रडली. मग डोळे पुसत माईकजवळ जाऊन म्हणाली, "ताता बासिलियो, उठलात का? आजपासून मशीन घोरत नाही. आता बहाणा सांगा!" त्या रविवारी म्हाताऱ्यानं चीजचे दोन गोळे दिले. एक तिला, एक मशीनला.

पुढच्याच आठवड्यात फ्रेदी म्हणाला, "कोमाद्रे, मागच्या ऑगस्टमध्ये तुमचा घसा बसला होता. चार दिवस रेडिओवर नुसती गाणी. तुमच्या काही सकाळी भरून ठेवू या का? चुन्योसारख्या. अडीअडचणीला उपयोगी."

तिला ते पटलं. खरं तर आवडलं. तीन दुपारी ती माईकपुढे बसली आणि चाळीस सकाळी भरल्या. ऐकणाऱ्याला शिळं वाटू नये म्हणून वहीत लिहून काढलं, कुठल्या दिवशी कुणाला काय म्हणायचं ते. पाउलिनाला नवऱ्याच्या टोपीवरून, शाळामास्तरला त्याच्या सायकलवरून. बासिलियोंना पहिल्या दिवशी सूर्याची नेहमीची थट्टा, दुसऱ्या दिवशी गुडघ्यांची विचारपूस, तिसऱ्या दिवशी आणखी काही. आपण केवढं चोख काम केलं, असं वाटून ती स्वतःवर खूश झाली. माणूस स्वतःचाच खड्डा खणताना इतका निवांत असतो, हे तिला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तिनं त्यालाच वेड्यात काढलं असतं.

जुलैच्या शेवटी एका सोमवारी फ्रेदीनं सांगितलं, की बुधवारपासून आठवडाभर वायरिंगचं काम आहे, रेडिओ बंद राहील, तुम्ही आराम करा. सांगताना तो पायातल्या बुटाची नाडी बांधत होता. नाडी बऱ्याच वेळ बांधत होता.

मंगळवारी संध्याकाळी बासिलियोंचा मुलगा तिच्या दारात आला. टोपी हातात. ताता दुपारी गेले, बटाट्यांच्या ढिगापाशी बसल्या बसल्या. त्यानं चिठ्ठी दिली: दफन गुरुवारी सकाळी, पलीकडच्या घळीतल्या नातलगांनी यावं. "आई म्हणाली, लेओकादियानंच सांगू दे. त्यांना तिचीच हाक लागायची."

"रेडिओ उद्यापासून बंद आहे रे," ती म्हणाली आणि त्याचा चेहरा बघून लगेच म्हणाली, "पण मी पाच मिनिटं उघडायला लावते. माझा कोंपाद्रेच आहे तिथे." फ्रेदीचा फोन बंद होता. तिनं चार वेळा लावून बघितला. मग ठरवलं, पहाटे जाऊन फाटकाशीच उभं राहायचं. वायरिंग करणारे येतीलच की.

बुधवारी पाचला पाच कमी असताना ती फाटकाशी पोचली. पाववाली बाई टोपल्या मांडत होती, शेजारी तिचा छोटा रेडिओ खरखरत होता. रखवालदाराचा अजून पत्ता नव्हता. लेओकादियानं सहज वर बघितलं. दुसऱ्या मजल्यावरची, तिच्या खोलीची खिडकी एकदम उजळली. दिव्यानं नव्हे, पडद्याच्या निळसर उजेडानं. फाटकाला बाहेरून कुलूप होतं. आत चिटपाखरू नव्हतं. का कुणास ठाऊक, ती मनात आकडे मोजायला लागली. एकोणीसला पाववालीच्या रेडिओतली खरखर थांबली.

"सुप्रभात, विलकाराया! मी तुमची लेओकादिया. ताता बासिलियो, उठलात का? सूर्य तुमच्या आधी उठला तर अब्रू जाईल हं!"

पाववालीनं एकदा रेडिओकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. लेओकादियानं हातानं तोंड दाबून धरलं होतं, जणू आवाज तिथूनच निघत होता.

फ्रेदी घरी होता. दार त्याच्या बायकोनं उघडलं आणि ती नजर चुकवून आत निघून गेली, तेव्हाच सगळं कळलं.

"मी सांगणारच होतो, कोमाद्रे."

"कधी? चाळीस दिवस संपल्यावर?"

"मालकाचा निर्णय आहे. तो म्हणाला, मशीन ठरल्या वेळी आपोआप उठतं, आवाज साठवलेला आहे, मग माणूस कशाला. तो म्हणाला, दोघांपैकी एकालाच ठेवतो. मला मुलगी आहे. तुमची मारिबेल."

"आणि सकाळी भरून ठेवायची कल्पना कुणाची? मालकाची?"

फ्रेदी हळूच, पण स्वतःची बाजू सापडल्यासारखा म्हणाला, "मशीन लवकर उठायला हवं, म्हणून मागे लागलेल्या तुम्हीच ना?"

हे ऐकून तिला इतका संताप आला की कानात गरम वाफ भरली. मेंढी माझी, घसा माझा, जामीनही मीच, आणि शेवटी दोषही माझाच! ज्याला हात धरून आत आणलं त्यानं केसानं गळा कापला होता, आणि वर तो तिला कोमाद्रे म्हणत होता.

"फ्रेदी," ती म्हणाली. बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला नुसत्या नावानं हाक मारली. "नोकरी ठेव तुला. मला नको. फक्त बासिलियोंचं नाव त्यातून काढ. ते काल गेले. आज घरात त्यांचं मढं ठेवलेलं असताना मी त्यांना विचारलं, उठलात का. उद्या पहाटे मी त्यांना गुडघे कसे आहेत विचारणार आहे, मला माहीत आहे, वहीत लिहिलंय. ते काढ आणि त्या जागी हा दफनाचा निरोप घाल. तुझ्या तोंडानं वाच, कुणाच्याही तोंडानं वाच."

फ्रेदीचा चेहरा खरंच पडला. त्यानं छातीवर क्रूस केला. "अरे देवा. काढतो. दोन मिनिटांचं तर काम आहे."

"मारिबेलच्या जावळाची शपथ घे."

त्यानं घेतली. तिनं चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली.

हिलाकोताला ती दुपारी पोचली. उंबऱ्यावर रेडिओ पडला होता, बॅटऱ्या काढून बाजूला टाकलेल्या. आत मेणबत्त्या, कोकाची पानं, मोजकीच माणसं. पलीकडच्या घळीतलं कुणी आलेलं नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बासिलियोंची बायको आउरेलिया भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली, आणि आयुष्यभर ज्या तोंडानं लेओकादियाला ये म्हटलं ते तोंड मिटलेलंच राहिलं.

"मामिता, आई, ती मी नव्हते," लेओकादिया तिच्या पायाशी बसत म्हणाली. "मशीन होतं. मी रस्त्यावर उभी होते."

"आवाज तुझा होता."

"आवाज माझाच. त्यांनी भरून घेतला होता."

"ते गेले ते माझ्या मुलानं तुला काल संध्याकाळीच सांगितलं होतं," म्हातारी म्हणाली. "आणि सकाळी तू हसत होतीस."

लेओकादियानं जमेल तसं सांगितलं. डिस्क, बॅटरी, चाळीस सकाळी. त्या घरात ते सगळं थापेबाजीसारखं वाटत होतं, तिलाच वाटत होतं. बाकीची माणसं जमिनीकडे बघत पानं चघळत राहिली. शेवटी ती म्हणाली, "उद्या नाही होणार. माझ्या कोंपाद्रेनं पोरीच्या जावळाची शपथ घेतलीय. उद्या पाचला निरोप लागेल. पलीकडचे ऐकतील, दफनाला पोचतील." जावळाची शपथ म्हटल्यावर आउरेलियानं तिच्याकडे बघितलं. मग मुलाला खूण केली. मुलानं उंबऱ्यावरचा रेडिओ उचलला, बॅटऱ्या घातल्या आणि तो आणून बासिलियोंच्या उशाशी ठेवला.

गुरुवारी पहाटे सगळे त्या रेडिओभोवती बसले होते. मुलगा दारात उभा होता, घळीच्या पलीकडे दिवे हलतात का बघत. लेओकादिया आउरेलियाच्या शेजारी, मांडीला मांडी लावून. थंडीनं म्हातारीचे दात वाजत होते, म्हणून आपल्या शालीचं अर्धं टोक तिनं तिच्या खांद्यावर टाकलं. म्हातारीनं ते राहू दिलं.

पाच वाजत आले. शपथ घेतलीय, लेओकादिया स्वतःला सांगत होती. दोन मिनिटांचं काम. तरी मनात कुठंतरी ती त्या जुन्या, दमलेल्या, घोंगडीतल्या मशीनला विनवत होती: आज एक दिवस अकरा मिनिटं घे. आज अडून बस. मशीननं एकोणीसच सेकंद घेतले असणार, कारण रेडिओ बरोबर पाचला बोलला.

"सुप्रभात, विलकाराया! मी तुमची लेओकादिया. ताता बासिलियो, कसे आहेत आज गुडघे? रविवारी या बरं का बाजारात. तुमच्यासाठी गरम पाव राखून ठेवते!"

पाठोपाठ पाउलिनाच्या नवऱ्याची टोपी आली, मास्तरची सायकल आली. निरोप नव्हताच. मुलगा दारातून आत आला आणि रेडिओ बंद करायला वाकला, पण आउरेलियानं हातानं त्याला थांबवलं. तिनं अर्धी शाल खांद्यावरून काढून खाली ठेवली, पुढे सरकली आणि रेडिओला सांगितलं, शेजारणीला सांगावं तितक्या साधेपणानं:

"नाही येणार गं ते रविवारी. पाव नको राखून ठेवूस."

लेओकादिया तिथेच, हातभर अंतरावर बसली होती. म्हातारीनं तिच्याकडे वळूनही बघितलं नाही.